पुढच्या डाव्या चाकातून 'कुईं' आवाज – पॅड, डिस्क की आणखी काही?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, पुढे डिस्क, मागे ड्रम, ६१ हजार किलोमीटर झालेत. मी कराडला राहते, आई चिपळूणला. त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी कुंभार्ली घाट ठरलेला.

पंधरा दिवसांपासून पुढच्या डाव्या बाजूने बारीक, कानात घुसणारा 'कुईं' आवाज येतोय. गल्लीत शिरताना, दोन्ही बाजूंना भिंती असल्या की स्पष्टच ऐकू येतो. लेक म्हणते, चाकात पाखरू बसलंय.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी चाक न काढताच सांगितलं की दोन्ही डिस्क, पॅड, मागचे लायनर, म्हणजे ड्रमच्या आत घासणारे, सगळं बदलावं लागेल, १६,८०० रुपये. घराजवळचे मेस्त्री म्हणाले, पॅड काढून पॉलिश पेपरने घासून देतो, दोनशे द्या. पैसे द्यायला माझी ना नाही, पण कशाचे देतेय ते तरी कळू दे. शनिवारी आईला आणायला जायचंय. पावसात तो घाट उतरताना मनात शंका नको.

दूरचा_पल्ला | मंगळवार, रात्री ९:३५

पावसाळ्यात सगळ्याच गाड्या ओरडतात हो. माझी दोन वर्षं ओरडतेय, ब्रेक कचकन लागतात. आवाज येतो म्हणजे ब्रेक काम करतायत. घाबरू नका.

पाना_दहाबारा | मंगळवार, रात्री १०:०४

दूरचा पल्ला भाऊ, असं सरसकट सांगू नका. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे, बावीस वर्षं हेच काम करतोय. 'दोन वर्षं ओरडतेय' म्हणणाऱ्यांच्या डिस्क लेथवर चढवून चढवून माझे हात दुखलेत. तुम्हीही एकदा चाक काढून बघाच.

ताई, मला एवढं सांगा. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो का नुसती गाडी चालतानाही येतो? दाबल्यावर वाढतो का थांबतो? फक्त सकाळी पहिल्या पाच मिनिटांत का दिवसभर? पेडल पायाखाली थरथरतं का? गाडी एका बाजूला ओढते का? आणि बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी बघा, पातळी कुठं आहे ते सांगा. वरून ऑइल ओतू नका, नुसती बघा.

वाशिष्ठी | मंगळवार, रात्री १०:२०

मी चिपळूणची. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये गाडी रात्रभर बाहेर उभी राहिली की सकाळी डिस्कवर केशरी थर असतोच. पहिल्या चार-पाच ब्रेकला 'खर्र खर्र' होतं आणि मग डिस्क पुन्हा चकचकीत. तो गंज वरवरचा असतो, त्यासाठी खर्च करू नये. पण ताई दिवसभराचं म्हणतायत, म्हणजे हे वेगळं दिसतंय.

आणखी एक अनुभव. गुहागरहून येताना माझ्या गाडीतून सतत 'कर्र्र' असा पत्रा घासल्यासारखा आवाज यायला लागला. वाटलं सगळं संपलं. डिस्कच्या मागे जो पातळ पत्रा असतो ना धूळ अडवायला, त्यात चिंचोक्याएवढा खडा अडकला होता. मेस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हरने पत्रा किंचित वाकवला, खडा खाली पडला. पैसेही घेतले नाहीत.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७:५०

पाना दादा, आज मुद्दाम काच खाली करून शाळेपर्यंत गेले. ब्रेक न दाबता आवाज येतो. दाबला की थांबतो, सोडला की पुन्हा सुरू. दिवसभर येतो. थरथर नाही, गाडी ओढतही नाही. ऑइल खालच्या रेषेच्या जरा वर आहे. दिवाळीत बघितलं होतं तेव्हा वरच्या रेषेला होतं.

आणि काल रात्री एक लक्षात आलं. गाडी लावल्यावर डाव्या चाकाजवळ हात नेला की चांगली धग लागते. उजव्याजवळ तेवढी नाही.

पाना_दहाबारा | बुधवार, दुपारी १:१५

मग निम्मं निदान तुम्हीच केलंत ताई.

पॅडच्या लोखंडी पट्टीला एक छोटी जीभ असते, पातळ पोलादाची. पॅडचा मसाला झिजून दोन-तीन मिलिमीटर उरला की ही जीभ डिस्कला टेकते आणि ओरडते. ब्रेक दाबला की ती डिस्कवर दाबली जाते, तिचं थरथरणं थांबतं, म्हणून बऱ्याच गाड्यांत आवाज बंद होतो. ती जीभ बसवलेली असते ती ओरडायलाच. पॉलिश पेपर मारून ती थांबणार नाही. फार तर कुणी पकडीने वाकवून देईल. तसं अजिबात करू देऊ नका. मग आवाज जातो, पॅड झिजतच राहतो, आणि पुढचा आवाज येतो तो लोखंडावर लोखंडाचा.

ऑइल कमी झालं तेही त्याच हिशोबात. पॅड झिजला की त्याला ढकलणारा पिस्टन पुढं सरकतो, त्याच्या मागं ऑइल जातं. पॅड न बदलता डबी भरली तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागं ढकलला की तेच ऑइल वरून वाहतं, आणि बॉडीवर पडलं की रंग उठतो. पण डबी लवकर लवकर खाली जात असेल, तर मात्र गळती बघायची. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओल, सिलिंडरच्या रबरातून पाझर.

एकाच चाकाला धग म्हणजे तिथला ब्रेक सुटत नाहीये. माझा अंदाज, कॅलिपरची पिन जाम. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, ती पिनांवर सरकते. चाक काढल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. तुमच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनीही सांगायला नको होतं.

चाकणकर | बुधवार, संध्याकाळी ७:४०

मी ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पाना दादांचं पटतंय. दूरचा पल्ला म्हणाले तसे निव्वळ आवाजाचे, धोका नसलेले प्रकारही असतात, म्हणून थोडं लिहितो.

'कुईं' म्हणजे कंप. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, सेकंदाला हजारो वेळा. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरवल्यासारखं. हा कंप मारायला पॅडच्या पाठीमागे शिम, म्हणजे पातळ पट्टी लावलेली असते, पॅडच्या कडा तिरक्या केलेल्या असतात, आणि पॅड जिथे सरकतो तिथे पातळ स्टीलच्या क्लिपा असतात. पॅड बदलताना घाईत जुनी शिम फेकून दिली किंवा क्लिपा वाकड्या बसवल्या, तर महागातला पॅडसुद्धा पहिल्या दिवसापासून ओरडतो. हा आवाज मुख्यतः ब्रेक दाबल्यावर येतो. ताईंचा दाबल्यावर थांबतो, हा फरक मोठा आहे.

'घर्रर्र' असा जड, पेडलमध्ये जाणवणारा आवाज आला तर मात्र गाडी पुढे चालवू नका. मसाला संपलेला असतो. ब्रेक दाबताना 'टक' असा एकच ठोका म्हणजे पॅड ढिला किंवा कॅलिपरचा बोल्ट सैल, कधी चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं, म्हणजे लोअर आर्मचं रबरी बूश. आणि वेगाबरोबर वाढणारी, ब्रेकशी संबंध नसलेली 'घूं' बहुधा व्हील बेअरिंगची. लांब वळणावर बाहेरच्या चाकावर वजन येतं, तेव्हा 'घूं' वाढली की त्या बाजूचं बेअरिंग तपासायचं.

ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर 'टरटर' होऊन पेडल पायाला मागे ढकलत असेल तर तो एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं आहे. अशा वेळी घाबरून पाय काढायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

निशिगंधा_ठाणे | बुधवार, रात्री ८:०५

माझी इलेक्ट्रिक गाडी आहे. पाय उचलला की मोटरच वेग कमी करते, त्यामुळे ब्रेक फारसे लागतच नाहीत आणि पावसाळ्यात डिस्कला गंज धरतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर मुद्दाम चार-पाच चांगले ब्रेक मारते. आवाज गेला.

एसटीचा_पोर | बुधवार, रात्री ९:३०

कुंभार्लीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. माझे वडील एसटीत चालक होते, तीस वर्षं. त्यातली बरीच कराड-चिपळूण मार्गावर. सुट्टीत मी त्यांच्या मागच्या सीटवर बसून जायचो. हेळवाक मागे पडलं, घाटमाथा आला की ते गिअर उतरवायचे आणि मला म्हणायचे, "ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं." ब्रेकवर पाय ठेवून गाडी कधी उतरवली नाही. दाबायचा, वेग उतरवायचा, सोडायचा. प्रत्येक सोडण्याला हवेचा 'फुस्स' आवाज. मी तो मोजायचो. खाली अलोऱ्याच्या बाजूला आलो की उतरून एकेक चाकाजवळ जायचे, हात न लावता तळवा जवळ धरून धग बघायचे. ताई, तुम्ही चाकाजवळ हात नेलात हे वाचून ते आठवले.

घाट उतरताना न्यूट्रल करणारे लोक आजही दिसतात. पेट्रोल वाचतं म्हणून. नव्या गाड्यांत गिअरमध्ये पाय उचलला की इंजिन पेट्रोल घेतच नाही, न्यूट्रलमध्ये उलट चालू राहायला घेतं. वाचत काहीच नाही, ब्रेक मात्र जळतात.

अण्णा६२ | बुधवार, रात्री १०:१०

एसटीच्या पोरा, छान लिहिलंस. माझ्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, चारही चाकांना ड्रम. पाण्यातून बाहेर आलं की ब्रेक लागायचेच नाहीत, लायनर ओले. मग हलका ब्रेक दाबत पन्नास-शंभर मीटर चालवायची, लायनर वाळायचे. तुमच्या गाडीला मागे ड्रमच आहेत, ओढ्यातून आलात की आजही हे करा.

पेठेतला | गुरुवार, सकाळी ११:२५

पॅड घ्यायचेच असतील तर खरेदीबद्दल सांगतो. पुण्याला येणं होत असेल तर नाना पेठेत मिळतात, पण डोळे उघडे ठेवा. मी एकदा कंपनीच्या खोक्यातला नकली माल घेऊन आलो होतो. छपाई जराशी पुसट, लेबलवरचा आकडा आणि पॅडच्या पाठीवरचा आकडा वेगळा. सात हजार किलोमीटरात संपले, आणि चाकांच्या रिमवर काळी भुकटी इतकी की धुवून निघेना. तेव्हापासून पक्कं बिल घेतो, दुकानातच खोकं उघडून आकडे जुळवतो, आणि गाडीचा चेसिस नंबर सांगूनच पॅड मागतो. त्याच मॉडेलला दोन वेगळे कॅलिपर असू शकतात.

कार कंपनीचे ओरिजिनल, नाहीतर ब्रेक्स इंडिया, बॉश, ब्रेम्बो यांपैकी जे तुमच्या गाडीसाठी मिळतील ते. बाकी स्वस्तातल्या नावांच्या वाटेला जाऊ नका.

मिशिगनमराठी | गुरुवार, दुपारी ४:५०

इकडे मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे पिना जाम होणं नेहमीचंच. मी दर वर्षी स्वतः काढून साफ करतो. माझं मत, सिरॅमिक पॅड घ्या. आवाज कमी, भुकटी कमी, रिम स्वच्छ.

पाना_दहाबारा | गुरुवार, रात्री ९:२०

मिशिगनवाले दादा, तुमच्याकडं ठीक. पण इथं छोट्या हॅचबॅकसाठी चांगला सिरॅमिक मिळणं अवघड, आणि 'सिरॅमिक' लिहिलेलं खोकं म्हणजे आत सिरॅमिक असं नाही. शिवाय थंड असताना काही सिरॅमिकची पकड जरा उशिरा येते, असा माझा अनुभव. ताईंना पावसात घाट उतरायचाय. कंपनीनं जो पॅड दिला त्याच जातीचा घ्या, एवढंच सांगेन.

चाकणकर | गुरुवार, रात्री १०:३०

सिरॅमिकच्या पकडीबद्दल पाना दादांशी माझा थोडा मतभेद आहे. रोजच्या वापराच्या चांगल्या सिरॅमिक पॅडला थंडपणीही पकड असते. पण निष्कर्ष तोच, गाडीबरोबर आलेल्या जातीचा घ्या.

बऱ्याच पॅडच्या पाठीवर आकड्यांच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. पहिलं अक्षर थंडपणीच्या पकडीचं, दुसरं गरम झाल्यावरच्या. 'ई' म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, 'एफ' ०.३५ ते ०.४५, 'जी' ०.४५ ते ०.५५. 'एफएफ' असेल तर पकड गरम झाल्यावरही त्याच टप्प्यात राहते. 'एफई' असेल तर गरम झाल्यावर पडते. घाटवाल्यांनी दुसरं अक्षर आधी बघावं. मात्र ही अक्षरं पॅड किती टिकेल किंवा ओरडेल का, हे सांगत नाहीत.

डिस्कचं असं आहे. तिच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने मोजा, पण बाहेरच्या कडेवर उरलेली न झिजलेली धार सोडून, जिथे पॅड घासतो तिथे. किमान जाडीपेक्षा जास्त भरली, खोल चर नसले, पेडल थरथरत नसेल, तर डिस्क बदलायचं कारण नाही. कमी भरली तर लेथवर घासूनही उपयोग नाही, आणखी पातळ होईल.

आणि ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेतं. त्याच्या प्रतीला 'डॉट'चा आकडा असतो. डॉट ३ कोरडं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० ला. डॉट ४ चं २३० आणि १५५. घाटात ब्रेक तापले, ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो. पेडल स्पंजासारखं खाली जातं. ताई, तुमचं कधी बदललंय? दोन वर्षं झाली असतील तर आत्ताच बदलून घ्या. डबीच्या झाकणावर जो डॉट लिहिलाय तोच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते चुकूनही नको.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ८:४०

मंडळी, आज काम झालं. सविस्तर लिहिते, कारण तुमच्यामुळे मला काय बघायचं ते कळलं होतं.

मैत्रिणीने सुचवलेल्या गॅरेजमध्ये गेले, तिथे बसून राहिले. डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड चांगला सहा मिलिमीटर होता. मी म्हटलं, मग आवाज कसला? मेस्त्रींनी कॅलिपर उलटा करून आतला पॅड दाखवला. नखाएवढा थर उरलेला, दोन मिलिमीटर. जीभेचं टोक आरशासारखं चकाकत होतं आणि डिस्कवर त्याच रेषेत बारीक वर्तुळ उमटलेलं. बाहेरून नुसतं डोकावून बघितलं असतं तर हे दिसलंच नसतं.

खालची पिन हाताने हलेना. पान्याने फिरवून काढली तर तांबूस, कोरडी, एका बाजूला गंजाची खपली. रबर फाटलं होतं, तिथून पाणी गेलेलं. उजवीकडच्या पिना बोटाने सरकत होत्या.

मग मी व्हर्नियर मागितला. मेस्त्रींनी जरा वर बघितलं माझ्याकडे, पण दिला. डिस्कवर किमान १८ कोरलंय, मोजली तर १९.२. डिस्क वाचली! मागचे ड्रम उघडले, लायनर तीन मिलिमीटर, नुसती काळी भुकटी. पोरगा हवेची नळी घेऊन आला, मेस्त्रींनीच थांबवलं, ओल्या फडक्याने पुसायला लावलं. ती भुकटी छातीत जाऊ नये म्हणून.

पुढचे चारही पॅड १,९५०, दोन्ही बाजूंचं पिन-रबर किट ७००, डॉट ४ ऑइल आणि नळ्यांतली हवा काढून ४५०, मजुरी ६००. एकूण ३,७००. पॅडवर 'एफएफ' आहे.

एकच शंका. घरी येताना ब्रेक जरा कमी लागतायत असं वाटलं आणि हलकी 'सर्र' ऐकू येते. काही चुकलंय का?

पाना_दहाबारा | शुक्रवार, रात्री ९:०२

शाब्बास ताई. काही चुकलेलं नाही. नवा पॅड जुन्या डिस्कवर अजून पूर्ण टेकलेला नाही. उद्या घाटात जायच्या आधी पाटण रस्त्यावर सकाळी लवकर, मागं-पुढं कुणी नसताना, साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा ब्रेक लावा. दाबून, पण कचकन नाही. प्रत्येक वेळी मधे अर्धा-एक मिनिट चालवा, हवा लागू द्या. गरम असताना ब्रेक दाबून उभ्या राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर बसतो आणि मग पेडल थरथरतं.

पिनांना कुठलं ग्रीस लावलं ते विचारलंत का? साधं बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन परत अडकते. ब्रेकचं सिलिकॉन ग्रीसच हवं.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१०

विचारलं होतं. छोट्या पाकिटातून आलं, किटबरोबरच. लावताना मी बघितलं.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ७:३०

आईला घेऊन आले. सांगितल्याप्रमाणे ब्रेक बसवले, पेडल आता पहिल्यासारखं वर लागतंय. जाताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरले. धुकं दाट होतं, मागचा एक ट्रक हॉर्न वाजवत होता, त्याला जाऊ दिलं. खाली आल्यावर एसटीच्या पोराच्या वडिलांसारखा तळवा धरून बघितला. दोन्ही चाकांना सारखीच ऊब.

एसटीचा_पोर | रविवार, रात्री ८:१५

ताई, हे आत्ता वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "ट्रकला जाऊ दिलं ते बरोबर केलं."

दूरचा_पल्ला | सोमवार, सकाळी १०:४५

मी या धाग्यावर पहिलंच उत्तर चुकीचं दिलं होतं, म्हणून परत आलोय. पाना दादांचं वाचून काल चाक काढलं. उजवीकडचा आतला पॅड संपून पट्टी डिस्कवर घासत होती. डिस्कला चर पडलेत, नख अडकतं इतके. मोजली तर किमान जाडीच्या खाली गेलीय. डावी डिस्क अजून चांगली आहे, किमानपेक्षा दीड मिलिमीटर जास्त. गाडीत रोज दोन मुलं शाळेत जातात. कालपासून गाडी उभी करून ठेवलीय. फक्त उजवी डिस्क बदलली तर चालेल का?

पाना_दहाबारा | सोमवार, दुपारी १२:२०

उभी केलीत ते फार बरं केलंत भाऊ. डिस्क दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला, पॅडही चारही नवे. एका बाजूला नवी आणि एका बाजूला जुनी असली की जोरात ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं ओढू शकते, आणि ओल्या रस्त्यावर ते नको. नवी डिस्क बसवायच्या आधी हबचा, म्हणजे डिस्क जिथं बसते त्या भागाचा गंज तारेच्या ब्रशनं घासून घ्या, आणि डिस्कला गंज धरू नये म्हणून तेल लावलेलं असतं ते ब्रेक क्लीनरनं पुसायला सांगा. उजवा कॅलिपरही तपासा, पिस्टन हातानं मागं जातोय का बघा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टो करून न्या. चाक काढलं की आतल्या बाजूचा फोटो इथं टाका, मी बघतो.